सहा पौंडांची रांग

मिरजेत वाढलेल्या माणसाला गाणं ऐकायला पैसे मोजायची सवय नसते. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. चिंचेच्या झाडाखाली येईल तो बसतो. मी चौथी-पाचवीत असल्यापासून बाबांबरोबर जायचे. रात्र चढत जायची, माझे डोळे मिटायला लागायचे, मग बाबा आपली शाल माझ्या अंगावर टाकायचे आणि मी तिथेच आडवी व्हायचे. अर्धवट झोपेत ऐकलेला तो तंबोऱ्याचा आवाज अजून कानात आहे. ऐकणाऱ्यांत डॉक्टर असायचे, हमाल असायचे, सतारी करणारे कारागीर असायचे. कोण पुढे बसला आणि कोण मागे, हे फक्त कोण आधी आला त्यावर ठरायचं.

त्यामुळे २०१८च्या ऑक्टोबरात एम.एस्सी.साठी लंडनला गेले आणि एका मोठ्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाचे दर पहिल्यांदा बघितले, तेव्हा छातीत धस्स झालं. मधली बऱ्यापैकी खुर्ची म्हणजे माझा आठवड्याचा किराणा आणि वर बसचे पैसे. शिक्षणासाठी कर्ज काढलेलं, हाउन्स्लोत तिघींत एक खोली. पाश्चात्त्य संगीत मी तोवर फक्त हेडफोनमधून ऐकलं होतं. ज्या शहरात ते रोज संध्याकाळी प्रत्यक्ष वाजतं, त्या शहरात राहूनही पुन्हा हेडफोनच कानाला लावायचा, हे मला सहन होईना.

वाट दाखवली ती प्रयोगशाळेतल्या एका ग्रीक मुलीने. ती स्वतः व्हायोलिन वाजवायची. तिने माझ्या फोनवर स्टुडंट पल्स नावाचं ॲप टाकून दिलं. लंडनमधले मोठे वाद्यवृंद विद्यार्थ्यांसाठी काही तिकिटं त्यावर अगदी कमी दरात ठेवायचे. कार्यक्रम निवडायचा, थोडके पौंड भरायचे, जाताना कॉलेजचं ओळखपत्र जवळ ठेवायचं. आपल्याकडे सवलत म्हटलं की दाखले, सह्या, शिक्के आठवतात. मी तिला दोनदा विचारलं, "अजून काही लागत नाही ना?" तिला माझा प्रश्नच कळेना.

दुसरी युक्तीही तिचीच. थेम्सच्या काठावर रॉयल फेस्टिव्हल हॉल आहे. तिथे रंगमंचाच्या मागे, जरा उंचावर, गायकवृंदासाठी जागा आहेत. गायकवृंद नसेल त्या दिवशी त्या श्रोत्यांना विकतात, आणि वाद्यवृंद तिथून पाठमोरा दिसत असल्यामुळे स्वस्तात विकतात. नोव्हेंबरातल्या एका पावसाळी संध्याकाळी मी तिथे जाऊन बसले. माझ्या पुढ्यातच खाली टिंपनी, म्हणजे नगाऱ्यासारखे मोठे ढोल, वाजवणारा माणूस होता. एका संथ भागात त्याला वाजवायला काही नव्हतं. तो खाली वाकला, कान कातड्याच्या अगदी जवळ नेला, बोटाने हलकीशी टिचकी मारली, पायाखालचं पेडल जरासं दाबलं, पुन्हा टिचकी मारली. बाकीचा सगळा वाद्यवृंद वाजत असताना त्या आवाजाच्या आत तो आपला पुढचा सूर जुळवत होता. आपल्याकडे तबलजी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकतो ते सगळी मैफल बघते. इथे समोरच्या दोन-अडीच हजार माणसांना त्याचा पत्ता नव्हता. तो फक्त आम्हाला, मागे बसलेल्यांना दिसत होता.

आणि समोर कंडक्टरचा, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणाऱ्याचा, चेहरा. पुढे बसलेल्यांना त्याची पाठ दिसते, मागच्यांना तोंड. ट्रम्पेट येण्याआधी त्याच्या भुवया वर जातात, चेलोंकडे बघताना तो ओठ घट्ट मिटतो, हे मी तिथे शिकले. वाद्यवृंद चालतो कसा हे ज्याला बघायचंय त्याने एकदा तरी तिथे बसावंच. मात्र आवाजाचा तोल तिथे जातो. पितळी वाद्यं अंगावर येतात, व्हायोलिनं दूर पडतात, आणि गायक किंवा पियानो असेल तर त्यांचा आवाज सगळा पलीकडे जातो. म्हणून एकल गायनाच्या कार्यक्रमाला ती जागा घेऊ नये. मी एकदा घेतली आणि अर्धं गाणं नुसतं पाठीवरून ऐकलं.

हिवाळा असा गेला. पण मला जे मनापासून सांगायचंय ते उन्हाळ्यातलं आहे.

आमचं इंपीरियल कॉलेज आणि रॉयल अल्बर्ट हॉल हे शेजारी. आमच्या विद्यार्थी संघाची इमारत तर हॉलला खेटून आहे. तो लाल विटांचा गोल हॉल मी वर्षभर येता-जाता बघत होते. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे बीबीसी प्रॉम्स चालतात. प्रॉम्स म्हणजे प्रॉमेनेड कॉन्सर्ट्स, हिंडत-फिरत ऐकायचे कार्यक्रम. १० ऑगस्ट १८९५ रोजी क्वीन्स हॉल नावाच्या दुसऱ्याच सभागृहात त्यांची सुरुवात झाली. रॉबर्ट न्यूमन हा तिथला व्यवस्थापक. साध्या माणसाला चांगलं संगीत परवडलं पाहिजे आणि हळूहळू त्याची गोडी लागली पाहिजे, म्हणून त्याने उभ्याने ऐकायचा दर एक शिलिंग ठेवला. कंडक्टर म्हणून हेन्री वुड या सव्वीस वर्षांच्या तरुणाला घेतलं. खायला-प्यायला, धूम्रपानाला मुभा होती, फक्त गाणं चालू असताना काडी ओढू नका अशी विनंती असायची.

यात पैसा घातला होता जॉर्ज कॅथकार्ट नावाच्या घशाच्या डॉक्टरने. त्याची एक अट मला फार आवडते. त्या काळी इंग्लंडात वाद्यवृंदांची पट्टी चढी असायची आणि त्यात गाणाऱ्यांचे गळे खराब होतात हे तो रोज दवाखान्यात बघत होता. पट्टी खाली आणणार असाल तरच पैसे देतो, असं त्याने सांगितलं. तशी ती आणली. हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "डॉक्टर शहाणा होता. पट्टी चढवली की आधी गळा जातो, मग गाणं."

१९४१च्या मे महिन्यात क्वीन्स हॉल जर्मन बाँबहल्ल्यात जळून गेला आणि प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये आले. शिलिंगाचे पौंड झाले, पण उभ्याने ऐकायची जागा कुणी काढून घेतली नाही. २०१९ साली तिचा दर होता सहा पौंड, तेव्हाचे सव्वापाचशे रुपये. तेवढ्या पैशांत दोन ठिकाणं मिळायची. एक अरीना, म्हणजे रंगमंचासमोरची गोल मोकळी जमीन. एरवी तिथे खुर्च्या मांडतात, प्रॉम्सना त्या उचलतात. दुसरी गॅलरी, म्हणजे घुमटाखालचा सगळ्यात वरचा गोल सज्जा. दोन्हीकडे मिळून हजाराहून जास्त माणसं उभी राहतात.

व्हिएन्नाच्या मुझिकफेराइनमध्येही उभ्याने ऐकायच्या स्वस्त जागा आहेत, पण त्या हॉलच्या अगदी मागे आहेत. इथे सहा पौंडवाला सगळ्यात पुढे असायचा, शंभर पौंड भरू शकणारा त्याच्या मागे. जगात हे फार ठिकाणी होत नाही, आणि ज्याने हे पहिल्यांदा ठरवलं त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पहिल्यांदा गेले ती १९ जुलैला, सलामीच्याच कार्यक्रमाला. कॅरिना कॅनेलाकिस कंडक्टर होत्या. सलामीचा प्रॉम बाईने कंडक्ट करण्याची ती पहिलीच वेळ. मी आणि ग्रीक मैत्रीण दुपारी चारला रांगेत उभ्या राहिलो आणि गॅलरी मिळाली. जिने चढून चढून धाप लागली. वर पोचले आणि दारातच थबकले. माणसं जमिनीवर सतरंज्या पसरून बसली होती. एकजण उशाला पिशवी घेऊन डोळे मिटून पडला होता. एक आई लहान मुलाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. कुणी कठड्याला रेलून उभं होतं. मी मैत्रिणीला म्हटलं, "ही तर मिरज आहे." मग तिला मिरज म्हणजे काय ते सांगावं लागलं.

मी बॅग उशाशी घेतली आणि पडून ऐकलं. यानाचेक या चेक संगीतकाराच्या ग्लागोलिटिक मास या चर्चच्या प्रार्थनांवरच्या रचनेत शेवटाकडे ऑर्गन एकटाच वाजतो. त्या हॉलच्या ऑर्गनला ९,९९९ नळ्या आहेत. आवाज कानाआधी पाठीला लागला, खालच्या जमिनीतून.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा-तीनदा जायला लागले. दिवसभर प्रयोगशाळा, संध्याकाळी गॅलरी. रांगेत लागायचं, कर्मचारी क्रमांकाची चिठ्ठी द्यायचा, थोडा वेळ कुठे जाऊन यायचं असेल तर त्या चिठ्ठीवर जाता यायचं, पण परत येऊन रांगेत उभं राहायचंच. दारं उघडली की पैसे द्यायचे आणि आत. हंगामाचा पास काढलेल्यांची रांग वेगळी. त्यांना कार्यक्रमाच्या वीस मिनिटं आधीपर्यंत प्रवेशाची हमी असायची, त्यानंतर नाही.

ऑगस्ट उजाडला आणि सांगलीत पाणी चढायला लागलं.

माझं आजोळ सांगलीच्या गावभागात. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आजी, मामा, मामी आधी वरच्या मजल्यावर गेले, मग बोटीतून बाहेर काढले गेले, मग दोन दिवस फोनच लागेना. आईबाबा मिरजेत, पण मिरज-सांगली हे दहा किलोमीटरसुद्धा त्यांना पार करता येत नव्हते. मी लंडनमध्ये काय करू शकत होते? बातम्यांचं पान पुन्हा पुन्हा ताजं करत बसायचं. खोलीत बसवेना, प्रयोगशाळेत डोकं चालेना.

१२ ऑगस्टला सकाळी मामाचा फोन आला. पाणी उतरतंय. घरात गुडघाभर चिखल आहे. आजीची पेटी पाण्यात गेली. आजी ठीक आहे, शाळेत सोय केलीय, पण पेटीचं नाव काढलं की गप्प बसते. त्या पेटीवर माझी आई शिकली, मी शिकले.

त्या रात्री प्रॉम्समध्ये मार्था आर्गेरिख पियानो वाजवणार होत्या, डॅनियल बारेनबॉइम आणि त्यांच्या वेस्ट-ईस्टर्न दिवान वाद्यवृंदाबरोबर. इस्रायली आणि अरब मुलं एकत्र बसून वाजवतात तो हा वाद्यवृंद. मी तीनला पोचले तेव्हा अरीनाची रांग दक्षिणेकडच्या पायऱ्या उतरून पार खाली गेलेली. इथून अरीना मिळणं अवघड आहे, असं कर्मचाऱ्याने स्पष्ट सांगितलं. मी गॅलरीच्या रांगेत गेले. माझ्या पुढे एक म्हाताऱ्या बाई घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या. अंगावर पातळ निळा रेनकोट, मांडीवर विणकाम. मी दर दोन मिनिटांनी फोन बघत होते, ते त्यांनी बघितलं असावं.

"घरचं काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आजोळी पूर आलाय. आज पाणी उतरायला लागलंय."

"माणसं?"

"माणसं ठीक आहेत. आजीची पेटी गेली." आणि मग पेटी म्हणजे काय, आमच्या घरात तिचं काय स्थान होतं, हे मी त्या अनोळखी बाईंना सांगत गेले. त्यांनी सुया खाली ठेवल्या आणि सगळं ऐकून घेतलं. कुणाला बोलायला मिळालं की माणूस कसा मोकळा होतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी सांगितलं ते मी विसरणार नाही. २१ ऑगस्ट १९६८ला त्या याच हॉलमध्ये अरीनात होत्या, सतरा वर्षांच्या. त्याच दिवशी सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले होते आणि त्याच संध्याकाळी सोव्हिएत संघाचा सरकारी वाद्यवृंद इथे वाजवणार होता. बाहेर निदर्शनं, आत आरडाओरडा. आणि कार्यक्रमात होता ड्व्होर्झाकचा चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा चेलो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. ड्व्होर्झाक चेक, वाजवणारा रशियन, म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच. "त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो वाजवत होता," बाई म्हणाल्या. "मी पुढे उभी होते, मला दिसत होतं. संपल्यावर त्याने ड्व्होर्झाकची स्वरलिपी हातात उंच धरली. तेव्हापासून मी येते. दर वर्षी."

आम्ही वर शेजारी शेजारी बसलो. शुबर्टनंतर पियानोचं झाकण उघडायची वेळ आली तेव्हा खाली अरीनातली माणसं एका सुरात "हीव्ह" ओरडली आणि आमच्या गॅलरीने वरून "हो" असा जबाब दिला. बाईंनी मला कोपराने ढोसलं, मीही ओरडले. ही इथली जुनी चाल आहे. जड वस्तू उचलताना आपल्याकडे हमाल आरोळी देतात तशीच. त्यानंतर सूर जुळवण्यासाठी पियानोवर एकच स्वर वाजला आणि त्यालाही टाळ्या पडल्या. आठवड्याभरानंतर मी पहिल्यांदा हसले होते.

निघताना बाई म्हणाल्या, "गुडघ्यांमुळे मी आता वरच बसते. पण तीन सप्टेंबरला हायटिंक आहे. त्याच्यासाठी मी खाली उभी राहणार. तुलाही यायचं असेल तर सकाळी ये. आणि आत शिरलीस की मध्यावर धावू नकोस, सगळे तिकडेच धावतात. डावीकडे जा. पियानोवाल्याचे हात दिसतील."

कंडक्टर बर्नार्ड हायटिंक तेव्हा नव्वद वर्षांचे होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सेर्टखेबाऊ वाद्यवृंदाची धुरा त्यांनी पंचवीसहून जास्त वर्षं वाहिली होती, लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसची पंधरा वर्षं. सप्टेंबरात आपण थांबणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. ३ सप्टेंबरचा प्रॉम हा त्यांचा लंडनमधला शेवटचा कार्यक्रम, समोर व्हिएन्ना फिलहार्मोनिक. बसायची तिकिटं केव्हाच संपली होती. प्रॉम्सची खरी ताकद अशा वेळी कळते. सगळं विकलं गेलं तरी त्या दिवशी सकाळी उठून येणाऱ्यासाठी जागा राखलेली असायची.

आदल्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. त्या वर्षी आईने आरास केली नाही, आरास करायच्या पैशांचं सामान सांगलीला गेलं. मी सकाळी नवाच्या सुमारास पायऱ्यांवर पोचले. चिठ्ठीवर आकडा आला ६१. बाई तेवीस नंबरला, स्टूल आणि विणकामासकट. माझा प्रबंध आठ दिवसांवर आला होता, म्हणून लॅपटॉप मांडीवर घेऊन संदर्भांची यादी लावत बसले. डब्यात शेंगदाण्याची चटणी लावलेल्या पोळ्या होत्या. दुपारी एकच्या सुमारास बाबांनी विसर्जनाचा व्हिडिओ पाठवला. आवाज बारीक करून मी तो बघत होते, तर मागचा जर्मन विद्यार्थी वाकून म्हणाला, "मोठ्याने लाव ना." रॉयल अल्बर्ट हॉलच्या पायऱ्यांवर "पुढच्या वर्षी लवकर या" झालं.

ही रांग आता तशी राहिलेली नाही, ते इथेच सांगून टाकते. कोविडनंतर उभ्याची तिकिटं कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ऑनलाइन मिळायला लागली. दरही आठ पौंडांवर गेला. नावाजलेला कलाकार असेल तर काही मिनिटांत संपतात, म्हणून आधीच खातं उघडून, कार्डाचे तपशील भरून बसावं. लंडनला नोकरीवर असलेल्यांना हे सोयीचं आहे, दिवस मोडत नाही. तरीही मला ती पायऱ्यांवरची रांगच जास्त पटते. जो वेळ देऊ शकतो त्याला पुढची जागा, हा हिशेब वेगवान इंटरनेटपेक्षा न्याय्य होता असं मला वाटतं, आणि आठ तास शेजारी बसल्यावर माणसं एकमेकांना ओळखायला लागतात ते वेगळंच.

दारात मी पौंडाची सहा बाराकोनी नाणी मोजून दिली. आत शिरले आणि डावीकडे गेले. कठडा आधीच्यांनी धरला होता, मला तिसरी ओळ मिळाली. तिथून पहिल्या व्हायोलिनवाल्यांच्या बुटांचे तळवे दिसत होते.

हायटिंक हळूहळू चालत आले. ते व्यासपीठापाशी पोचेपर्यंत टाळ्या थांबल्या नाहीत. बीथोव्हेनचा चौथा पियानो कॉन्चेर्टो पियानोच सुरू करतो, एकटा, अगदी मृदू. त्या काळी हे सहसा कुणी करत नसे, आधी वाद्यवृंद वाजायचा. एमॅन्युएल ॲक्स यांनी हात कळपट्टीवर ठेवले आणि मला त्यांची बोटं दिसली. पाच हजार माणसांच्या हॉलमध्ये त्यांनी ते पहिले सूर असे वाजवले, जसं झोपलेल्या माणसाच्या खोलीत आपण दार लोटतो. माझ्या शेजारचा माणूस श्वास सोडायचा थांबला, ते मला ऐकू आलं.

मध्यंतरानंतर ब्रुकनर या ऑस्ट्रियन संगीतकाराची सातवी सिंफनी, म्हणजे सगळ्या वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना. तास-सव्वातासाची. आपल्या कानाला ब्रुकनर अवघड जाईल असं मला कुणी कुणी सांगितलं होतं. मला वाटतं आपल्यालाच तो सोपा जातो. सुरुवातीला व्हायोलिनं सूर थरथरवत धरून ठेवतात, इतका हलका की तो सुरू कधी झाला ते कळत नाही, आणि त्यावर चेलो एक लांबलचक चाल घेऊन वर चढतात. तंबोऱ्याच्या जवारीत वाढलेल्याला हे समजावून सांगायला लागत नाही. आधी आस, मग स्वर. घाई नाही. आलापी ऐकणाऱ्याला तास-सव्वातास म्हणजे काय मोठं?

तिसऱ्या ओळीत उभं राहिल्याने मला व्हायोलिनच्या गजांवरची राळ उडताना दिसत होती, दिव्याच्या झोतात, पिठासारखी. टिंपनीची पुडी प्लॅस्टिकची नव्हती, कारण व्हिएन्नावाले अजून शेळीचं कातडं वापरतात. आपल्या तबल्याचंच कातडं. आवाज त्यामुळे कोरडा आणि जिवंत येतो.

दुसरा भाग ब्रुकनरने, संगीतकार वाग्नर आता फार दिवस काढत नाहीत या भावनेने, लिहायला घेतला होता, आणि लिहिता लिहिता, फेब्रुवारी १८८३मध्ये, वाग्नर गेले. त्यात चार वाग्नर-टुबा आहेत, हॉर्नपेक्षा जाड आणि काळसर आवाजाच्या. तो काळसर आवाज सुरू झाला तेव्हा मला आजी दिसली, शाळेच्या बाकावर गप्प बसलेली. महिनाभर मी रडले नव्हते. तिथे उभ्या उभ्या रडले. कुणी वळून बघितलं नाही. अरीनात ती एक सभ्यता आहे.

हायटिंक यांची हालचाल फारच थोडी होती. डावा हात बहुतेक वेळ खालीच असायचा. एखाद्या ठिकाणी तो फक्त छातीपर्यंत वर यायचा, आणि तेवढ्याने समोरची सगळी पितळी वाद्यं भरून यायची. नव्वद वर्षांच्या माणसाने काय टाकून दिलंय आणि काय ठेवलंय, हे तीन ओळींवरून बघायला मिळालं.

संपल्यावर सगळा हॉल उभा होता. आम्ही तर आधीपासूनच उभे होतो, म्हणून आम्ही हात उंच केले. ते पुन्हा पुन्हा बाहेर आले. शेवटी आत गेले तेव्हाही कुणाला हलवेना. गर्दीत मी निळा रेनकोट शोधला. बाई कठड्याला दोन्ही हातांनी धरून तशाच उभ्या होत्या. "गुडघे?" मी विचारलं. "उद्या बघू," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रबंधाचं तिसरं प्रकरण अर्धवट होतं. दुपारी साडेतीनला प्रयोगशाळेतून खाली उतरले ते कॉफी घ्यायला म्हणून. व्हिएन्नाचाच वाद्यवृंद होता, ड्व्होर्झाक. पायऱ्यांवर रांग वळसा घालून खाली आली होती. पाकिटात सहा पौंड होते.